अनोळखी नभोवाणी केंद्राची ओळख

सूर्य मावळून तासभर झाला, की मध्यम लहरींवरील रेडिओ संचाचे स्वरूप पालटते. दिवसा जेथे जवळपासच्या एकदोन केंद्रांखेरीज केवळ खरखर असते, तेथे रात्री अनेक भाषांतील आवाज एकमेकांत मिसळून येऊ लागतात. त्यांतील एखादा आवाज मध्येच स्पष्ट होतो, एखाद्या गीताचा वा वार्तापत्राचा तुकडा ऐकू येतो आणि केंद्राचे नाव सांगितले जाण्यापूर्वीच तो क्षीण होऊन जातो. हे केंद्र कोणते, कोणत्या देशातील, किती अंतरावरचे, असे प्रश्न श्रोत्यांच्या मनात उभे राहतात. त्यांची उत्तरे बहुधा तर्काने दिली जातात आणि असा तर्क पुष्कळदा चुकतो.

वास्तविक अशा केंद्राची ओळख पटविण्याची एक निश्चित पद्धती आहे. तिला महागडी यंत्रसामग्री लागत नाही. रेडिओ संच, बरोबर लावलेले घड्याळ, नकाशा आणि नोंदवही एवढी साधने पुरतात. एकेक पुरावा स्वतंत्रपणे तपासावयाचा आणि सर्व पुरावे एकाच दिशेने बोट दाखवू लागले म्हणजेच निर्णय द्यावयाचा, हे या पद्धतीचे सूत्र होय. कोण बोलत आहे हे ठरल्यावाचून जे बोलले जात आहे त्याचे मोल ठरविता येत नाही. संकटकाळी तर या प्रश्नाला विशेषच महत्त्व येते. म्हणून हा विषय केवळ हौशी श्रोत्यांचा मानू नये.

रात्रीच दूरचे केंद्र का ऐकू येते?

मध्यम लहरींवरील प्रक्षेपण ए. एम. पद्धतीचे असते. ध्वनीच्या चढउतारानुसार रेडिओ तरंगाचा परमप्रसर, म्हणजे त्याची उंची, कमीअधिक केली जाते. प्रक्षेपकापासून निघालेले हे तरंग दोन मार्गांनी प्रवास करतात. काही तरंग जमिनीच्या पृष्ठभागालगत जातात. हे भू-तरंग दिवसा आपल्याला जवळची केंद्रे ऐकवितात. समुद्रावरून त्यांचा पल्ला वाढतो, तर कोरड्या व डोंगराळ प्रदेशात तो कमी होतो. उरलेले तरंग आकाशाकडे जातात.

पृथ्वीपासून सुमारे ६० किलोमीटर उंचीपासून वर सूर्यकिरणांमुळे वातावरणातील अणुरेणूंचे आयनीभवन होते. या प्रदेशाला आयनांबर म्हणतात. त्याचा सर्वांत खालचा ‘डी’ थर सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर असतो. तो दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो आणि त्यामुळे आकाशाकडे गेलेला तरंग परत येत नाही. सूर्यास्तानंतर हा थर लवकरच विरून जातो. त्याच्या वरचे ‘ई’ व ‘एफ’ थर मात्र रात्रीही तरंग खाली वळविण्याइतके टिकून राहतात. तेथून परतलेला तरंग शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटरवर उतरतो. रात्रीचे दूरचे केंद्र आपल्यापर्यंत पोचते ते या वाटेने.

मार्कोनी यांनी १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील पोल्ढू येथून निघालेला संदेश अटलांटिक महासागरापलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचे जाहीर केले, तेव्हा पृथ्वीच्या वक्रतेला वळसा घालून तरंग तेथे पोचले कसे, हे एक कोडेच होते. पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, केनेली आणि हेव्हिसाइड यांनी वरच्या वातावरणात विद्युत्‌वाहक थर असला पाहिजे, असे स्वतंत्रपणे सुचविले. १९२४ मध्ये एडवर्ड अ‍ॅपलटन यांनी बी. बी. सी. च्या बोर्नमथ येथील प्रक्षेपकाचे तरंग ऑक्सफर्ड येथे ग्रहण करून अशा थराचे अस्तित्व प्रयोगाने दाखविले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात कलकत्ता विद्यापीठातील प्रा. शिशिरकुमार मित्र यांनी या संशोधनाची परंपरा रुजविली. वरच्या वातावरणावरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथही १९४७ मध्येच प्रसिद्ध झाला.

आवाज लाटेसारखा चढतो आणि उतरतो, याचेही कारण या परावर्तनात आहे. एकाच केंद्राचे तरंग वेगवेगळ्या वाटांनी येतात. कधी ते एकमेकांना बळ देतात, तर कधी एकमेकांना नाहीसे करतात. म्हणून जो आवाज संथपणे चढत-उतरत येतो, तो बहुधा आकाशमार्गे आलेला, म्हणजे दूरचा असतो. ओळखीची ही पहिली खूण होय.

नऊची कसोटी

पहिली खूण मिळाल्यावर कंप्रता पाहावी. एशिया, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया या खंडांसाठी मध्यम लहरींच्या वाटपाची योजना १९७५ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत ठरली आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आली. या योजनेनुसार ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झपर्यंत नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने १२० मार्ग आखलेले आहेत. यांतील प्रत्येक आकड्याला नऊने पूर्ण भाग जातो. उत्तर व दक्षिण अमेरिकेत मात्र हे अंतर दहा किलोहर्ट्झचे आहे.

यावरून शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल अशी एक कसोटी हाती येते. ज्या संख्येच्या अंकांच्या बेरजेला नऊने भाग जातो, त्या संख्येलाही नऊने भाग जातो, हे आपण जाणतोच. मुंबई केंद्राची १०४४ ही कंप्रता घ्या. अंकांची बेरीज ९ येते. मुंबईच्याच ५५८ ची बेरीज १८, पुण्याच्या ७९२ ची १८ आणि पणजीच्या १२८७ चीही १८. संचावरील आकडा या कसोटीस उतरत नसेल, तर आधी आपले वाचन तपासावे. काट्याच्या जुन्या संचावर आकडा अचूक कळत नाही. अशा वेळी अनोळखी केंद्राच्या दोन्ही बाजूंची ओळखीची केंद्रे शोधून त्यांच्यामधील अंतरावरून अंदाज बांधावा.

काही वेळा चूक वाचनात नसते, संचातच असते. बहुतेक साध्या संचांत आलेल्या तरंगाचे रूपांतर आधी ४५५ किलोहर्ट्झच्या मध्यम कंप्रतेत केले जाते. या रचनेमुळे एखादे शक्तिशाली केंद्र आपल्या खऱ्या जागेहून ९१० किलोहर्ट्झ खालीही ऐकू येण्याचा संभव असतो. याला प्रतिबिंब म्हणता येईल. नागपूर येथे १५६६ किलोहर्ट्झवर १००० किलोवॉटचा प्रक्षेपक होता आणि १९८८ पासून अनेक वर्षे त्यावरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी प्रसारित होत असे. अशा केंद्राचे प्रतिबिंब १५६६ उणे ९१०, म्हणजे ६५६ च्या आसपास पडेल. ६५६ च्या अंकांची बेरीज १७ येते, म्हणजे हा आकडा नऊच्या पाढ्यातील नाही. ९१० ला नऊने भागले असता बाकी एक उरते. त्यामुळे प्रतिबिंबाची जागा नेहमी नऊच्या पाढ्यापासून एकाने चळते. एवढा सूक्ष्म फरक संचावर वाचता येत नसेल, तर दिसणाऱ्या आकड्यात ९१० मिळवून त्या ठिकाणी जवळचे एखादे बलवान केंद्र आहे काय, हे पाहावे. तेथे तोच कार्यक्रम ऐकू आला, तर आपले ‘दूरचे’ केंद्र प्रत्यक्षात घराशेजारचे निघाले, असे समजावे.

कंप्रता कळली म्हणजे केंद्र कळले, असे मात्र नाही. मार्ग अवघे १२० असल्याने एकच कंप्रता अनेक देशांना वाटून दिलेली असते. वर उल्लेखिलेल्या १५६६ वरूनच दक्षिण कोरियातील जेजू बेटावरील आणि पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशाच्या पाराकू येथील केंद्रांचेही प्रक्षेपण होत आले आहे. कंप्रतेमुळे संशयितांची यादी लहान होते. निवाडा पुढेच करावा लागतो.

घड्याळाची साक्ष

बहुतेक केंद्रे ठरावीक वेळी वेळ सांगतात किंवा तासाच्या आरंभी वेळेचे ठोके देतात. सांगितलेली वेळ आणि आपले घड्याळ यांतील फरक हा फार मोलाचा पुरावा आहे. भारतीय प्रमाणवेळ ही जागतिक समन्वित वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. पाकिस्तानची वेळ आपल्या अर्धा तास मागे, बांगला देशाची अर्धा तास पुढे, अफगाणिस्तानची एक तास मागे, म्यानमारची एक तास पुढे, ओमान व संयुक्त अरब अमिराती यांची दीड तास मागे, तर इराणची दोन तास मागे आहे. श्रीलंकेची वेळ आपल्याशी जुळते. नेपाळची वेळ आपल्या पाव तास पुढे असते, आणि असा पाव तासाचा फरक आपल्या शेजाऱ्यांत दुसऱ्या कोणाचाही नाही.

केंद्र केव्हा ऐकू येऊ लागते आणि केव्हा विरते, यावरूनही त्याची दिशा कळते. मधला सर्व प्रदेश अंधारात असेल, तरच दूरची मध्यम लहर नीट पोचते. पूर्वेकडील देशांत सूर्य आधी मावळतो. म्हणून आपल्याकडे अंधार पडताच तेथील केंद्रे येऊ लागतात. पश्चिमेकडील केंद्रासाठी तेथे सूर्य मावळेपर्यंत थांबावे लागते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि मुंबई व मस्कत यांच्या रेखांशांतही जवळजवळ तेवढेच अंतर आहे. त्यामुळे हा विलंब सुमारे एक तासाचा असतो. पहाटे याच्या उलट घडते. आपला सूर्योदय होण्यापूर्वीच जे केंद्र विरते, ते बहुधा पूर्वेकडचे असते; जे आपल्या सूर्योदयापर्यंत टिकते, ते पश्चिमेकडचे असण्याचा संभव अधिक असतो.

भाषेचा पुरावा अपुरा का?

सामान्य श्रोता केंद्राची ओळख भाषेवरून ठरवितो. भाषा, संगीत, प्रारंभीची धून व प्रार्थना या उपयुक्त खुणा आहेत, यात शंका नाही. मुंबई केंद्रात काम केलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन यांनी रचलेली आकाशवाणीची संकेतधून दोन क्षण ऐकली, तरी श्रोत्याला ती ओळखता येते. परंतु केवळ भाषेवर विसंबणे धोक्याचे आहे. आकाशवाणीने स्वतःच अनेक परदेशी भाषांतून प्रसारण केले आहे, आणि इतर देशांनीही भारतीय भाषांतून केले आहे.

याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’. अमीन सयानी यांचे निवेदन मुंबईत ध्वनिमुद्रित होत असे, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथून प्रक्षेपित झालेला कार्यक्रम पुन्हा भारतभर ऐकला जाई. भाषा हिंदी, गीते मुंबईच्या चित्रपटांतील, निवेदक मुंबईचा; केंद्र मात्र समुद्रापलीकडचे. बी. बी. सी. चे आवाज लंडनचे असत, पण त्यांचे पूर्वेकडील एक प्रक्षेपण केंद्र अनेक वर्षे ओमानच्या मसीरा बेटावर होते. म्हणून आवाज कोणाचा, कार्यक्रम कोणाचा आणि प्रक्षेपक कोठला, हे तीन प्रश्न वेगळे ठेवावेत. त्यांची उत्तरे प्रत्येक वेळी एकच असतील, असे नाही.

दिशा कशी काढावी?

बहुतेक लहान संचांत फेराइटची एक आडवी शलाका असते. तिच्यावर गुंडाळलेली तार हाच मध्यम लहरींचा आकाशक होय. शलाकेची बाजू केंद्राकडे असताना आवाज सर्वांत मोठा येतो आणि शलाकेचे टोक केंद्राकडे वळले, की तो सर्वांत लहान होतो. मोठ्या आवाजाची नेमकी जागा कानाला ठरविता येत नाही. लहान आवाजाची जागा मात्र सहज सापडते. म्हणून संच सावकाश फिरवून आवाज सर्वांत क्षीण होईल तेथे थांबावे. त्या स्थितीत शलाकेच्या रेषेतच केंद्र असते. ते रेषेच्या कोणत्या टोकाला आहे, हे मात्र या एका निरीक्षणाने कळत नाही. दुसऱ्या गावातून असेच निरीक्षण करून दोन्ही रेषा नकाशावर काढल्या, तर त्या जेथे छेदतात तेथे केंद्र असावे. दिवसा जवळच्या केंद्रावर या रीतीचा चांगला सराव होतो. रात्री आकाशमार्गे येणाऱ्या लहरींमुळे क्षीणतेची जागा हलत राहते, हे ध्यानात ठेवून अनेक वेळा निरीक्षण करावे.

दिशाशोधनाच्या या तत्त्वाला आपल्या स्वातंत्र्यलढ्यातही एक संदर्भ आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलन सुरू झाल्यावर मुंबईतून ‘काँग्रेस रेडिओ’ हे गुप्त केंद्र चालू लागले. उषा मेहता आणि त्यांचे तरुण सहकारी ते चालवीत, डॉ. राममनोहर लोहिया यांचा त्याच्याशी निकटचा संबंध होता. केंद्र ४२.३४ मीटरवर, म्हणजे सुमारे ७०८५ किलोहर्ट्झच्या लघुलहरींवर, असल्याचे सांगितले जाई. ठिकाण मात्र ‘भारतात कोठेतरी’ एवढेच. सेन्सॉरने दडपलेल्या बातम्या लोकांपर्यंत पोचविणे हे त्याचे कार्य होते. माग काढणाऱ्या पोलिसांना प्रक्षेपक सापडू नये, म्हणून कार्यकर्ते वारंवार जागा बदलीत. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घालून उषा मेहता यांना अटक केली आणि पुढे त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. सुमारे तीन महिने या केंद्राने आपले ठिकाण लपविले, पण आपली ओळख कधीच लपविली नाही. ‘आम्ही कोण’ हे ते प्रत्येक वेळी सांगत असे आणि त्यामुळेच श्रोत्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

पुरावे एकत्र कसे आणावेत?

आतापर्यंत पाहिलेल्या खुणा एखाद्या उदाहरणात कशा वापरता येतील, ते पाहू. समजा, नागपूर परिसरातील एका श्रोत्याला रात्री साडेआठच्या सुमारास ७९२ किलोहर्ट्झवर चढत-उतरत येणारे निवेदन ऐकू येते. ७९२ हा आकडा नऊच्या कसोटीस उतरतो. म्हणजे ते प्रतिबिंब नसावे. ही कंप्रता पुणे केंद्राची आहे, हे श्रोत्याला ठाऊक आहे. पण काठमांडूच्या रेडिओ नेपाळनेही ७९२ ही कंप्रता वापरलेली आहे. तेव्हा निदान दोन पर्याय समोर येतात.

शब्द अर्धवट कळतात, वाक्ये ‘छ’ या क्रियापदाने संपल्यासारखी वाटतात. श्रोत्याला ही गुजराती वाटण्याचा संभव आहे, कारण गुजरातीतही ‘छे’ आहे. दुसरा कोणी तिला नेपाळी म्हणेल. तथापि नेपाळी भाषेतून आकाशवाणीनेही प्रसारण केलेले आहे. म्हणून येथेच निर्णय देता येत नाही. श्रोता दिशा पाहतो. नागपूरहून काठमांडू ईशान्येस आणि पुणे नैर्ऋत्य-पश्चिमेस आहे, म्हणजे दोन्ही ठिकाणे जवळजवळ परस्परविरुद्ध बाजूंना पडतात. शलाकेला रेषेची दोन टोके वेगळी ओळखता येत नसल्याने येथे दिशेचा पुरावा फारसा उपयोगी पडत नाही. इतक्यात निवेदक वेळ सांगतो: पावणेनऊ. श्रोत्याच्या घड्याळात साडेआठ वाजले आहेत. पाव तासाचा हा फरक नेपाळचाच असू शकतो. आता कंप्रता, भाषा व वेळ हे तीन स्वतंत्र पुरावे एका ठिकाणी मिळाले. दुसऱ्या व तिसऱ्या रात्रीही तसेच घडले आणि केंद्राचे नाव एकदा स्पष्ट ऐकू आले, म्हणजे निर्णय पक्का झाला. या उदाहरणात एक पुरावा निरुपयोगी ठरला, एक दिशाभूल करू शकला असता आणि एकाने प्रश्न सोडविला. कोणता पुरावा कोणत्या वेळी उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून सर्वच नोंदवावे लागतात.

हवेतच झालेली सरमिसळ

काटेकोर निरीक्षण करूनही उत्तर जुळत नसेल, तर ते निरीक्षण फेकून देऊ नये, असे विज्ञानाचा इतिहास सांगतो. १९३३ मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे बर्नार्ड टेलेगेन हे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडचे बेरोम्युन्स्टर हे मध्यम लहरींवरील केंद्र ऐकत होते. त्या केंद्राच्या मागे त्यांना रेडिओ लक्झेंबर्गचा कार्यक्रम ऐकू आला. लक्झेंबर्गचे प्रक्षेपण दीर्घ लहरींवर, अगदी वेगळ्या कंप्रतेवर होते. शेजारच्या मार्गावरून ते मिसळले, असे म्हणण्यास वाव नव्हता. संचातील दोषानेही त्याचा उलगडा होईना.

नकाशा पाहता एक गोष्ट ध्यानात येते. बेरोम्युन्स्टरहून आइंडहोव्हनकडे येणाऱ्या तरंगाच्या वाटेजवळच लक्झेंबर्ग आहे. पुढच्या वर्षी बेली आणि मार्टिन यांनी याचे स्पष्टीकरण दिले. लक्झेंबर्गच्या शक्तिशाली तरंगांमुळे आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ध्वनीच्या लयीत कमीअधिक होत होती. त्याच भागातून जाणाऱ्या दुसऱ्या केंद्राच्या तरंगाचे शोषणही त्यामुळे त्याच लयीत बदलत होते. म्हणजे एका केंद्राचा आवाज दुसऱ्याच्या तरंगावर आकाशातच उमटला होता. या आविष्काराला पुढे ‘लक्झेंबर्ग परिणाम’ हे नाव मिळाले. टेलेगेन यांनी आवाज बरोबर ओळखला होता आणि तो भलत्या जागी आहे, हेही ओळखले होते. दोन्ही गोष्टी त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविल्या. म्हणूनच आयनांबराविषयीच्या ज्ञानात भर पडली.

अंतिम पडताळा

सर्व पुरावे जमल्यावरही श्रोत्याचा निर्णय हा त्याचा स्वतःचा निर्णय असतो. तो केंद्राकडूनच पडताळून घेण्याची प्रथा नभोवाणीच्या प्रारंभकाळापासून चालत आली आहे. श्रोत्याने तारीख, जागतिक समन्वित वेळ, कंप्रता, आवाजाचा दर्जा आणि कार्यक्रमाचा तपशील लिहून केंद्राला पाठवावयाचा. केंद्राने तो आपल्या नोंदींशी ताडून पाहावयाचा आणि बरोबर आढळल्यास पुष्टिपत्र पाठवावयाचे, असा हा व्यवहार आहे. आकाशवाणीनेही अशी पुष्टिपत्रे जगभरातील श्रोत्यांना दिली आहेत. वेळ लिहिताना भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करावेत. रात्रीचे साडेआठ म्हणजे १५ वाजता. आवाजाच्या दर्जासाठी पाच अंकांचा संकेत वापरतात. तरंगाचे बळ, इतर केंद्रांचा अडथळा, खरखर, आवाजाची चढउतार आणि एकंदर दर्जा यांना अनुक्रमे एक ते पाच गुण दिले जातात. पाच म्हणजे उत्तम.

येथे एक पथ्य अवश्य पाळावे. जे ऐकले तेवढेच लिहावे. ‘बातम्या चालू होत्या’ या वाक्याने काहीही सिद्ध होत नाही. ‘आठ वाजून बत्तीस मिनिटांनी स्त्री-निवेदिकेने पुराच्या बातमीत अमुक नदीचे नाव घेतले’ या वाक्याने होते. नंतर एखाद्या पुस्तकातून वा वेळापत्रकातून घेतलेली माहिती ऐकलेल्या माहितीत मिसळू नये.

गावाच्या दृष्टीने उपयोग

आज घरोघरी भ्रमणध्वनी असताना याची गरज काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा झाडे व विजेचे खांब कोसळून अनेक गावांचा वीजपुरवठा आणि दूरध्वनी संपर्क कित्येक दिवस तुटला होता. अशा वेळी बॅटरीवरील साधा संच शेकडो किलोमीटरवरील केंद्र ऐकवू शकतो. त्याला गावातील मनोरा लागत नाही की वीजजोडणी लागत नाही. वीज गेलेली असताना विजेच्या दिव्यांची व चार्जरांची खरखरही थांबते आणि दूरचे केंद्र अधिक स्पष्ट होते.

परंतु नेमक्या याच वेळी अनोळखी केंद्राची बातमी घातक ठरू शकते. ‘अरबी समुद्रात चक्रीवादळ’ हे शब्द ओमानच्या केंद्रावरही येतील आणि मुंबईच्याही. मे २०१८ मधील ‘मेकुनु’ हे वादळ अरबी समुद्रातच उठले, पण ते ओमानमधील सलालानजीक किनाऱ्यावर गेले. अर्धवट ऐकलेल्या अशा इशाऱ्यावरून एखादे गाव विनाकारण घाबरून जाईल. किंवा उलट, संकट दूर असल्याचे समजून आपल्याच किनाऱ्यासाठी दिलेल्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करील. वेळेच्या बाबतीतही असेच होते. ओमानच्या केंद्राने संध्याकाळी सहाची वेळ सांगितली, तर ती आपल्याकडील साडेसात असते. बातमी खरी असूनही केंद्र न ओळखल्यामुळे दीड तासाची चूक होते. म्हणून बातमी पुढे सांगण्यापूर्वी केंद्र कोणते, इशारा कोणत्या किनाऱ्यासाठी आणि वेळ कोणत्या देशाची, या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात आणि संपर्क होताच तहसील कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. ग्रामपंचायतीने एक चालू स्थितीतील मध्यम लहरींचा संच, जादा बॅटऱ्या आणि आपल्या परिसरात रात्री ऐकू येणाऱ्या केंद्रांची यादी तयार ठेवल्यास फारसा खर्च येणार नाही. काही केंद्रे बंद पडतात, काहींच्या वेळा बदलतात. त्यामुळे ही यादी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्यक्ष ऐकून तपासली पाहिजे.

ही यादी शाळेतील विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. हिवाळ्यातील लांब आणि विजांच्या कडकडाटापासून मुक्त अशा रात्री या कामास उत्तम असतात. विद्यार्थ्यांनी आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी घरी ऐकावे आणि तारीख, वेळ, आकडा, भाषा, दिशा व ऐकलेला तपशील असे रकाने भरावेत. वर्गात सर्वांच्या वह्या ताडून पाहाव्यात. यातून गणितातील भाजकता, भूगोलातील रेखांश व प्रमाणवेळ आणि विज्ञानातील तरंग यांचा एकत्रित अभ्यास होतो. ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘माहीत नाही’ असे तीन शेरे ठेवावेत. ‘माहीत नाही’ हा शेरा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मुळीच कापू नयेत. पुरावा अपुरा आहे हे ओळखता येणे, हीच या अभ्यासातील सर्वांत अवघड पायरी होय.